वस्तू तुमची, पण पुरावा कुठे आहे?

घरफोडीनंतर विम्याची भरपाई मागताना काय लागते, आणि ते आजच कसे जमवून ठेवावे



सुगीचे दिवस आले की घरातले लहानथोर सगळे शेतावर असतात. कापसाची वेचणी असो, सोयाबीनची काढणी असो, सकाळी दाराला लागलेले कुलूप दिवेलागणीलाच निघते. पुढे लगीनसराई येते, गावोगावच्या जत्रा येतात. तेव्हाही घर बंद असते, आणि लग्नात घालायचे म्हणून दागिने मात्र नेमके बँकेतून घरी आणलेले असतात. चोराला हे सारे ठाऊक असते. तो पाळतीवर असतो, आपण कामाच्या धांदलीत असतो.

आता कित्येक घरांनी विमा उतरवलेला आहे. कोणी स्वतः होऊन घेतला, कोणाला घरकर्ज देताना बँकेने घ्यायला लावला. हप्ता भरलेला आहे, तेव्हा चोरी झाली तरी पैसे मिळतील, असे घरधनी धरून चालतो. पण प्रसंग येतो तेव्हा विमा कंपनीचा माणूस ओसरीवर बसून तीन प्रश्न विचारतो. ही वस्तू घरात होती कशावरून? ती तुमचीच होती कशावरून? आणि तिची किंमत एवढी होती कशावरून?

सासूबाईंची बोरमाळ चाळीस वर्षे त्यांच्या गळ्यात होती. साऱ्या आळीने ती पाहिली आहे. पण कागदावर ती कुठेच नाही. मग घरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी येते, घरधन्याला राग येतो, आणि समोरचा माणूस आपल्याला खोटे ठरवतो आहे असे वाटू लागते. खरे पाहता तो त्याचे काम करत असतो. कागद आपण जमवलेला नसतो, एवढेच.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. वस्तू गेल्यावर पुरावा शोधणे फार अवघड, पण वस्तू घरात असताना तो जमवणे दोन संध्याकाळचे काम आहे. आणि पुरावा म्हणजे केवळ दुकानदाराची पावती नव्हे. तुमच्या वस्तूच्या खुणा अनेक ठिकाणी उमटलेल्या असतात. त्या कुठे आहेत हे कळले पाहिजे.

आधी पॉलिसी नीट वाचून घ्या

घरात कोणी शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना पॉलिसी मोठ्याने वाचायला सांगा. नसेल तर एजंटाला किंवा बँकेतल्या साहेबांना स्पष्ट विचारा, "यात घरफोडी धरली आहे का?"

हा प्रश्न उगाच नाही. १ एप्रिल २०२१ पासून सर्व विमा कंपन्यांनी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सुरू केली. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप अशा संकटांसाठी ती चांगली आहे. परंतु चोरीची भरपाई तीत अगदी मर्यादित आहे. अशा एखाद्या संकटामुळे घर उघडे पडले आणि त्यापायी सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती मिळते. एरवी भरदिवसा कुलूप तोडून झालेली घरफोडी तीत बसत नाही. तिच्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, किंवा ज्या पॉलिसीत तो भाग जोडलेला आहे अशी घ्यावी लागते.

दुसरे म्हणजे, घरफोडीच्या विम्यात 'बळजबरीने आत शिरणे' ही अट असते. उघड्या दारातून कोणी हात मारून गेला तर ती चोरी खरी, पण विम्याच्या भाषेत घरफोडी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हाच अर्थ कायम केला. पॉलिसीत जसे शब्द आहेत तसेच ते धरले जातील, असे न्यायालयाने सांगितले. तेव्हा दाराला कडी न लावता शेजारी जाणे महागात पडू शकते.

आणखी काही गोष्टी याच वेळी विचारून घ्या.

दागिने साध्या घरसामानात सहसा धरत नाहीत. त्यांची वेगळी यादी, वजन आणि किंमत लिहून द्यावी लागते. रोख रक्कम बहुतेक पॉलिसींत धरलेलीच नसते. घर सलग काही ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बंद राहिले तर भरपाई मिळणार नाही, अशीही अट पुष्कळ पॉलिसींत असते. ऊसतोडणीला चार-पाच महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांनी ही अट मुद्दाम पाहावी आणि जाण्यापूर्वी कंपनीला लेखी कळवावे.

लेक दिवाळीला माहेरी आली आणि तिचे दागिने तुमच्या कपाटातून गेले, तर ते तुमच्या विम्यात येतात का? बहुधा पॉलिसीत 'त्याच घरात राहणारे कुटुंबीय' असे शब्द असतात, आणि सासरी नांदणारी लेक त्यात बसेलच असे नाही. एकत्र कुटुंबात पॉलिसी वडिलांच्या नावावर, टीव्हीची पावती धाकट्या भावाच्या नावावर आणि दागिने सुनांचे, असे असते. म्हणून घरातल्या सगळ्यांची नावे पॉलिसीत आहेत का, हे आजच पाहून घ्या.

विहिरीवरची मोटार घराच्या विम्यात येत नाही. तिला कृषी पंपाचा वेगळा विमा लागतो. सरकारी योजनेतून सौर पंप बसवला असेल तर त्याच्याबरोबर पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा दिलेला असतो. त्याचा कागद पंप बसवणाऱ्या कंपनीकडून मागून घ्या. जनावरांचा विमा हा मुख्यतः जनावर दगावले तर असतो. बहुतेक पशुविम्यात जनावर चोरीला गेल्याची भरपाई नसते.

शेवटी रकमेची गोष्ट. घरात चार लाखांचे सामान असेल आणि हप्ता वाचवण्यासाठी विमा दोनच लाखांचा घेतला असेल, तर पुष्कळ घरफोडीच्या पॉलिसींत भरपाईही निम्मीच मिळते. एक लाखाचा माल गेला तर हातात येतात पन्नास हजार. हप्त्यात वाचवलेले थोडे पैसे असे अंगावर येतात.

सोन्याचा पुरावा कुठे कुठे असतो?

नवा दागिना घेतला असेल तर काम सोपे आहे. २०२१ च्या जूनपासून देशातल्या अनेक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून दुकानदाराला सहा अक्षर-अंकांचा 'एचयूआयडी' क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. प्रत्येक दागिन्याचा हा क्रमांक वेगळा असतो. दागिन्याच्या आतल्या बाजूला तो बारीक कोरलेला असतो, भिंगाने दिसतो. दुकानातच तो पावतीवर लिहून घ्या. उद्या मोडीच्या दुकानात तो दागिना सापडला तर हा क्रमांकच तुमचा साक्षीदार होईल.

पण जुन्या दागिन्यांचे काय? आजेसासूची ठुशी, आईने दिलेल्या पाटल्या, यांच्या पावत्या कुठून आणायच्या? घाबरू नका. पुढच्या ठिकाणी शोधा.

पहिले ठिकाण म्हणजे सोनेतारण. पेरणीला पैसे नव्हते म्हणून कधी ना कधी दागिने बँकेत किंवा पतसंस्थेत ठेवले असतील. त्या वेळी सराफाने तपासून प्रत्येक दागिन्याचे नाव, एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन लिहिलेले असते. कर्ज फेडल्यावर आपण ती पावती चुलीत घालतो. तसे करू नका. तिऱ्हाईताने वजन करून, शिक्का मारून दिलेला यापेक्षा चांगला कागद सहसा मिळत नाही. हरवला असेल तर बँकेत अर्ज देऊन जुन्या कर्जाचा उतारा मागा.

दुसरे ठिकाण लग्नातली यादी. हुंडा प्रतिबंध कायद्याखाली १९८५ साली नियम झाले आहेत. त्यानुसार लग्नात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायची असते. तीत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहून तिच्यावर दोघांनी सह्या करायच्या असतात. फार थोड्या घरांत ही यादी होते. पण ती केली तर एका कागदात दोन कामे होतात. स्त्रीधन कोणाचे हे कायमचे ठरते, आणि चोरी झाली तर तोच कागद विम्याला चालतो. या वर्षी घरात लग्न असेल तर ही यादी मुहूर्ताच्या यादीइतकीच महत्त्वाची समजा.

तिसरे ठिकाण लग्नाचे फोटो. गळ्यात, हातात, कानात काय होते ते फोटोत स्पष्ट दिसते. तुमचा आल्बम चोरीला गेला नसला तरी त्यातला फोटो दागिन्याची साक्ष देतो. फोटोच्या मागे साल आणि प्रसंग लिहून ठेवा.

चौथे ठिकाण तुमचा सोनार. जुनी पोत मोडून गंठण केले असेल, वेल झाळून घेतले असतील, तर त्याच्या वहीत नोंद असते. त्याच्याकडून आजच्या दागिन्यांचे वजन करून एक लेखी दाखला घ्या. मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा दाखला मिळाला तर अधिक चांगले.

वजन लिहिताना ग्रॅममध्येच लिहा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि आज बाजारात तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजीने सांगितलेले पाच तोळे आणि सराफाने धरलेले पाच तोळे यांत आठ ग्रॅमांहून जास्त फरक पडतो. आजच्या भावात तो फरक लहान नाही.

दागिने लॉकरमध्ये ठेवत असाल तरी यादी हवीच. लॉकरात काय ठेवले आहे याची नोंद बँक ठेवत नाही.

मोटार, टीव्ही, मोबाइल, धान्य

यंत्रांचा पुरावा त्यांच्या अंगावरच असतो. मोटारीवर, स्टार्टरवर, फवारणी पंपावर, टीव्हीच्या पाठीवर, शिलाई मशीनवर कंपनीची पट्टी असते आणि तीवर क्रमांक असतो. हा क्रमांक उतरवून घ्या आणि पट्टीचा जवळून फोटो काढा. पट्टी उन्हापावसाने पुसते किंवा चोर ती खरवडून टाकतो. म्हणून गावातल्या वेल्डरकडून मोटारीच्या लोखंडी अंगावर आपला गट नंबर आणि नावाची आद्याक्षरे पंचाने ठोकून घ्या. एक खूण उघड दिसेल अशी आणि एक सहज न दिसणाऱ्या जागी. अशी खूण असलेली मोटार विकताना चोरालाही विचार पडतो.

पावती हरवली असली तर दुकानदाराकडे जा. जी.एस.टी. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला आपले हिशोब आणि बिले वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून सहा वर्षे जपून ठेवावी लागतात. खरेदीचा महिना सांगितला तर तो दुसरी प्रत काढून देऊ शकतो. पैसे बँकेतून किंवा मोबाइलवरून दिले असतील तर पासबुकात त्या तारखेची नोंद सापडेल. वस्तू अनुदानावर घेतली असेल तर बिलाची प्रत अनुदानाच्या अर्जाला जोडलेली असते, आणि कर्जावर घेतली असेल तर बँकेच्या फाइलीत कोटेशन आणि बिल दोन्ही असतात. एका पावतीच्या चार-चार प्रती अशा बाहेर असतात, आपल्याला फक्त आठवण होत नाही.

मोबाइलवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश असे दाबले की पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो वहीत लिहा. मोबाइल चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या 'संचार साथी' सेवेवर तो बंद करता येतो, आणि त्यासाठी हाच क्रमांक लागतो.

ट्रॅक्टर आणि मोटारसायकलीचे नोंदणीपुस्तक, चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक वेगळे लिहून ठेवा. गाय-म्हशीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांकही लिहा. विमा असो नसो, जनावर बाजारात सापडले तर ते तुमचेच हे सांगायला तो उपयोगी पडतो.

घरात साठवलेला सोयाबीन किंवा हरभरा विम्यात धरला आहे का, हे आधी विचारा. धरला असेल तर सातबाऱ्यावरची पीक पाहणीची नोंद, मळणीयंत्राच्या मालकाने दिलेली चिठ्ठी आणि त्याच पिकातून विकलेल्या मालाची बाजार समितीतली हिशोबपट्टी, या तिन्हींवरून किती माल झाला आणि किती उरला ते दाखवता येते.

घरची वही कशी करावी?

एक शंभर पानी वही घ्या. हे काम घरातल्या बाईने केले तर अधिक चांगले होते, कारण कोणती वस्तू कुठल्या ट्रंकेत आहे हे तिलाच ठाऊक असते. मुलांना बरोबर घ्या. एकाने सांगावे, एकाने लिहावे, एकाने मोबाइलवर फोटो काढावा. खोलीमागून खोली घ्यावी: ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, माळा, गोठा, विहीर.

प्रत्येक वस्तूपुढे इतके लिहावे: वस्तूचे नाव, कोणाची, कधी व कुठून आली, वजन किंवा क्रमांक, खूण, किंमत, आणि पुरावा कुठे आहे. नमुना म्हणून पाहा:

"ठुशी, सोन्याची, एक. सूनबाईंची. लग्नात माहेरून, मे २०११. वजन १८ ग्रॅम. खूण: मागचा गोंडा लाल, एक मणी चेपलेला. पुरावा: लग्नाचा फोटो, २०१९ ची सोनेतारण पावती."

"मोटार, ५ अश्वशक्ती. थोरल्या विहिरीवर. पट्टीवरचा क्रमांक लिहिला. गट नंबर ठोकला. पावती पिवळ्या फाइलीत."

'चेपलेला मणी' हे शब्द किरकोळ वाटतात, पण त्यांचे मोल मोठे आहे. सारख्या दिसणाऱ्या दहा ठुश्यांतून आपली ओळखायची ती अशाच खुणेने.

दागिन्याचे फोटो दोन्ही बाजूंनी काढा. एखादा फोटो वजनकाट्यावर ठेवून आणि एखादा अंगावर घालून काढा. पण फोटो एकाच मोबाइलमध्ये ठेवू नका. चोर मोबाइलही नेतो. वहीच्या पानांचे आणि वस्तूंचे फोटो दुसऱ्या गावी राहणाऱ्या विश्वासू नातलगाला पाठवा. वहीची एक प्रत आणि पावत्यांच्या झेरॉक्स बँकेच्या लॉकरात किंवा त्याच नातलगाकडे ठेवा. वही दागिन्यांच्या डब्याशेजारी कधीही ठेवू नये. ती चोराच्या हाती लागली तर घरात आणखी काय आहे याचा पत्ताच त्याला मिळेल.

थर्मल कागदावरच्या पावतीची अक्षरे वर्षा-दोन वर्षांत उडून जातात. म्हणून अशा पावतीची झेरॉक्स लगेच काढावी.

घरफोडी झालीच तर

कडी तुटलेली दिसली की आत धाव घेऊ नका. चोर आत असू शकतो. ११२ क्रमांकावर फोन करा, पोलीस पाटलांना बोलवा. पोलीस येईपर्यंत कपाटाला, ट्रंकेला हात लावू नका. तुटलेला कोयंडा, वाकलेला गज, फुटलेले कौल यांचे फोटो काढा. तुटलेले कुलूप फेकून देऊ नका. बळजबरीने आत शिरल्याचा तोच पुरावा आहे. पंचनाम्यात 'कडी-कोयंडा तोडून' असे जे घडले ते लिहिले आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्या.

फिर्याद त्याच दिवशी द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्यादीची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे. गुन्हा नोंदवून घेतला नाही तर त्याच कलमाखाली जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने तक्रार पाठवता येते.

फिर्यादीत वस्तूंची यादी वहीवरून द्या. 'सोन्याचे दागिने, अंदाजे अमुक रुपयांचे' असे मोघम लिहू देऊ नका. प्रत्येक दागिना, त्याचे वजन, खूण आणि किंमत वेगळी लिहिली गेली पाहिजे. गडबडीत एखादी वस्तू राहिली, तर आठवेल त्या दिवशी जाऊन पुरवणी जबाब द्या. फिर्यादीतली यादी आणि विम्याच्या अर्जातली यादी एकच असावी. फिर्यादीत चार दागिने आणि अर्जात सात, असे झाले की खऱ्या चारांवरही संशय येतो.

विमा कंपनीलाही त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कळवा. तोंडी सांगून थांबू नका, लेखी कळवा आणि पोच घ्या. उशीर झाला म्हणून कंपनी हात झटकू पाहते, असे घडते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयासमोर चोरीला गेलेल्या ट्रॅक्टरचे असेच प्रकरण आले होते. फिर्याद त्याच दिवशी दिलेली होती, कंपनीला मात्र सुमारे दीड महिन्याने कळवले होते. पोलिसांत वेळेवर फिर्याद दिली असेल आणि दावा खरा असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून तो नाकारता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. हा आधार आहे खरा, पण त्याच्या भरवशावर उशीर करू नये.

पुढे कंपनी सर्व्हेअर पाठवते. त्याची फी कंपनी देते, तुम्ही द्यायची नसते. त्याला वही, फोटो, पावत्या आणि फिर्याद दाखवा. मूळ कागद देऊ नका, प्रती द्या आणि दिलेल्या कागदांची यादी करून तिच्यावर सही घ्या.

काही महिने तपास करूनही चोर सापडला नाही, तर पोलीस न्यायालयात 'अ समरी' अहवाल पाठवतात. गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळाला नाही, असा त्याचा अर्थ. हा अहवाल तुमच्या विरुद्ध नाही. उलट चोरी खरी होती यावर तो शिक्काच असतो. विमा कंपनी हा कागद मागते, म्हणून पोलीस ठाण्यात अर्ज देऊन त्याची प्रत मिळवा.

वही नव्हती आणि चोरी झाली, त्यांनी काय करावे?

हा लेख काही घरांत उशिराच पोचेल. त्यांनीही निराश होऊ नये. वर सांगितलेली ठिकाणे आता फिरा: सोनेतारणाचा उतारा, लग्नाचे आल्बम, सोनाराची वही, दुकानदाराची प्रत, पासबुक, अनुदानाची फाइल. पाहुण्यांकडच्या लग्नांचे फोटो मागवा, तुमच्या घरच्या बायका त्यांत दागिने घालून असतीलच. घरात शोधले तर वस्तूचे खोके, वॉरंटी कार्ड, दागिन्याची रिकामी डबी, रिमोट, चार्जर असे काही मागे राहिलेले सापडते. चोर वस्तू नेतो, खोके नेत नाही.

सरपंचाचा दाखला किंवा स्टॅम्पपेपरवरचे प्रतिज्ञापत्र जोडायला हरकत नाही. मात्र एकटे ते फारसे वजनदार ठरत नाही. फोटो आणि सोनाराची नोंद यांच्या सोबतीने ते उभे राहते.

विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या जूनमध्ये कंपन्यांना बजावले आहे की केवळ कागद नाहीत एवढ्या कारणावरून दावा नाकारू नये, आणि दाव्याशी संबंधित व आवश्यक तेवढेच कागद मागावेत. कंपनीने 'पावती नाही' एवढे एकच कारण लिहून अर्ज परत केला, तर हे लक्षात आणून द्या आणि तुमच्याकडे असलेले इतर पुरावे पुढे करा.

एक कळकळीची विनंती

चोरी झाली की सल्ला देणारे चारजण येतात. "गेले आहे तर दोन तोळे वाढवून लिही, कंपनी काही खिशातून देत नाही," असे सांगतात. त्यांचे ऐकू नका. एक वस्तू खोटी निघाली तर पॉलिसीच्या अटीप्रमाणे सबंध दावा बुडू शकतो, आणि खोट्या फिर्यादीबद्दल गुन्हा दाखल होतो तो वेगळाच. सूनबाईंचे खरे अठरा ग्रॅम मिळवायचे असतील तर त्यांत खोटा एक ग्रॅमही मिसळू नका.

कंपनीने नाही म्हटले तर

नकार आला तर तो लेखी, कारणासह मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या राज्यात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. पन्नास लाख रुपयांपर्यंतचे दावे ते ऐकतात. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीचा नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा फुकट क्रमांकही आहे. याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत तिथेही फी नाही.

माल सापडला तर

कधी चोर पकडला जातो आणि माल पोलिसांकडे जमा होतो. तो मुद्देमाल परत मिळवायचा तरी 'हा माझाच' हे न्यायालयाला पटवून द्यावेच लागते. इथेही तीच वही, तोच फोटो, तोच चेपलेला मणी कामी येतो. अशा वस्तू वर्षानुवर्षे पोलीस ठाण्यात पडून राहू नयेत, सविस्तर पंचनामा करून, फोटो काढून आणि हमीपत्र घेऊन त्या मालकाला लवकर द्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. म्हणून खटला संपायची वाट न पाहता न्यायालयात अर्ज करा. विम्याचे पैसे आधी मिळाले असतील, तर वस्तू सापडल्याचे कंपनीला मात्र कळवले पाहिजे. पैसे आणि वस्तू दोन्ही ठेवता येत नाहीत.

तर वाचकहो, येत्या आठवड्याच्या बाजाराला जाल तेव्हा मीठ-मिरचीबरोबर एक वही आणा. रात्रीची जेवणे झाली की दिव्याखाली सगळे बसा. म्हातारीला विचारा, ही मोहनमाळ कोणी केली, कोणत्या सालच्या पिकावर केली. ती सांगेल आणि नातवंडे लिहून घेतील. देव करो आणि ती वही कधी पोलिसांना किंवा विमा कंपनीला दाखवायची वेळ न येवो. पण वेळ आलीच, तर ओसरीवर बसलेल्या माणसाच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर देताना घरच्या लक्ष्मीला मान खाली घालावी लागणार नाही.